हिरव्या बांगड्या, सात पाणथळी

९ नोव्हेंबर, शनिवार. खलिफा सिटी

नवी वही सुरू करते आहे. देवळालीच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर एमिलिया दर सोमवारी नेचर स्टडीची वही तपासायच्या. डाव्या पानावर आठवड्यात जे पाहिलं ते लिहायचं आणि उजव्या पानावर त्याबद्दल देवाला एक ओळ थँक्यू. 'कुठल्या देवाला?' असं मी विचारलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "तुझा जो असेल त्याला. पत्ता तो शोधतो." आता एकसष्टावं संपत आलं, तरी काही पाहिलं की मला उजवं पान आठवतं.

आज आमच्या सायकली आल्या. चंद्रहास यांची काळी, माझी निळी, पुढे टोपलीवाली. (तोंडाने मी 'अहो' म्हणते आणि वहीत नाव लिहिते. कॉन्व्हेंटने एवढा चावटपणा शिकवलाच.) कंपनीतली ड्रॉइंगं आणि मोजमापं सोडून त्यांना महिना झाला. एप्रिलमध्ये आम्ही कायमचे नाशिकला जाणार. मला वाटलं होतं, आता दिवसभर सोफ्यावर बसून बातम्या बघतील. पण सकाळी फ्रिजवर कागद चिकटवलेला. त्यांच्या सुबक ड्राफ्ट्समन अक्षरात सात नावं: अल कुद्रा, रास अल खोर, वासित, झाखर, अल वथबा, अल जोरा, खोर कलबा.

"हे काय?"

"सात पाणथळी. जाण्याआधी बघून घ्यायच्या. जमेल तिथे सायकलवरून, सावकाश."

तेहतीस वर्षं या आखाती देशात काढली. या माणसाने पक्ष्यांमध्ये 'कावळा' आणि 'बाकीचे' एवढाच फरक केला. मी हसले, तर म्हणाले, "हसू नकोस. फेब्रुवारीच्या आत सगळ्या व्हायला हव्यात."

"मार्चमध्येही हवा बरी असते की."

"फेब्रुवारी."

संध्याकाळी समोरच्या गल्लीत सराव केला. मी शाळेत सिस्टरांच्या लेडीज सायकलवर शिकले होते, झगा चेनमध्ये अडकायचा. आज शेजाऱ्यांच्या मेंदीच्या कुंपणात गेले. खरचटलं नाही. कुंपणाचे आभार.

१६ नोव्हेंबर, शनिवार

अल कुद्रा झालं! पाय दुखताहेत, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

आधी गाडीबद्दल. मी वीस वर्षं गाडी चालवते आहे आणि वीस वर्षं शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबला जातो आहे. "इंडिकेटर दे. लेन सोड. तो ट्रक दिसतो ना?" आज पूर्ण रस्ताभर चकार शब्द नाही. त्यांच्या लायसन्सची मुदत सप्टेंबरात संपली, ते रिन्यू केलेलं नाही. "जायचंच आहे. डोळे तपासा, फोटो काढा, कोण करत बसणार. खलास. आता तू ड्रायव्हर, मी साहेब." साहेब सीट मागे करून शांत बसले होते. मला पहिल्यांदाच वाटलं की मी बरी गाडी चालवते.

आणि दुसरं, हसू येतं लिहिताना. निघताना म्हणाले, "तो केशरी कुडता घाल. तो तुला शोभतो." चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या पैठणीला 'नवे पडदे का?' असं विचारलेलं आहे. मी लगेच जाऊन बदलून आले.

वाळवंटात मुद्दाम आणलेलं पाणी आहे ते, माणसांनी खड्डे खणून तळी केलेली. पण पक्ष्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. काळे हंस होते, चोचीचा रंग लाल मेणासारखा. शेकाट्या त्यांच्या लांब गुलाबी पायांवर शिक्षकांसारख्या फिरत होत्या. ट्रॅकवर तंग कपड्यांतले सायकलवाले डावीकडून सुसाट जायचे आणि प्रत्येक वेळी चंद्रहास दचकायचे. "अहो, घंटी देतात की ते," म्हटलं, तर म्हणाले, "घंटी ऐकू येते. माणूस एकदम उगवतो." आम्ही मात्र बैलगाडीच्या वेगाने. मी पुढे, ते मागे. आजवर कुठल्याही रस्त्यावर ते माझ्या दहा पावलं पुढे चालत आले. आज म्हणाले, "लेडीज फर्स्ट."

मागून विचारत होते, "डावीकडे काय आहे?"

"पाणी."

"पाणी काय पाणी. नीट सांग."

मग मी सांगितलं. पाण्याच्या कडेला मिठाची पांढरी रेघ आहे, गळ्यातल्या मळकट साखळीसारखी. तिच्यावर एक बगळा एका पायावर उभा आहे, दुसरा पाय पोटात. त्याला आपण आलेलो आवडलेलं नाही. ते म्हणाले, "आणखी." उजवीकडचं विचारलं. तेही सांगितलं. दोन तास मी बोलत होते आणि ते ऐकत होते. लग्न झाल्यापासून मी एवढं सलग बोललेली नाही.

थँक्यू. पत्ता तुझा तू शोध.

२० नोव्हेंबर, बुधवार

विशेष काही नाही. हातून दोन कप फुटले, दोन्ही त्यांच्या. टेबलाच्या कडेला ठेवायची मला सवय लागली आहे, चूक माझीच.

फ्रिजच्या दारात थेंबांची छोटी बाटली सापडली. एसीने डोळे कोरडे पडतात म्हणे. इथे सगळ्यांचेच पडतात. ते दुपारी टॅक्सीने शारजाला गेले, रोल्लाला, कमरुद्दीनभाईंकडे. कमरुद्दीनभाई मूळचे रत्नागिरीचे, पूर्वी यांच्याच कंपनीत फोरमन होते, आता हार्डवेअरचं दुकान आहे. "मी सोडते," म्हटलं तर "नको, पुरुषांच्या गप्पा." जा बाबा.

३० नोव्हेंबर, शनिवार

रास अल खोर. आत सायकल नेता येत नाही, म्हणून लाकडी खोलीत बसून खिडकीतून अग्निपंख, म्हणजे फ्लेमिंगो, पाहिले. शेकडो. मागे दुबईचे टॉवर आणि पुढे हे गुलाबी लोक चिखलात तोंड खुपसून जेवताहेत. दुर्बिणीतून एकेकाला ते किती वेळ बघत होते! मी म्हटलं, "डावीकडे बघा, उडाले!" पण त्यांनी दुर्बीण वळवली नाही. समोरच्या एकाच पक्ष्याकडे बघत राहिले.

"तो काय करतोय एवढं?"

"काही नाही. गुलाबी आहे." मग थोड्या वेळाने, "सवि, हा गुलाबी कसला गुलाबी आहे?"

मी विचार केला. "फोडलेल्या पेरूच्या गराचा."

"बरोबर," म्हणाले. पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणाले, "पेरूचा."

मला उगाच रडू आलं. माणूस रिटायर झाला की असा होतो का? मग आधीच व्हायला हवं होतं.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळी वासित. तलावाच्या बाहेरच्या रस्त्याने सायकली, मग आत पायी. एक खंड्या दिसला, दोन हुदहुद. दुपारी रोल्लाला कमरुद्दीनभाईंच्या घरी जेवायला. साजिदाने सांदण केलं होतं, नारळाच्या दुधातलं. याच भागात १९९१ साली आमचं पहिलं घर होतं आणि भिंतीपलीकडे साजिदा. तिला काही हवं असलं की भिंतीवर वाटी वाजवायची.

जेवण झाल्यावर तिने माझ्यापुढे खोका ठेवला. आत हिरव्या काचेच्या बांगड्या, दोन डझन. "चंद्रहासभायनी मागवल्या गो. मला म्हणाले, सविच्या मापाच्या बघून ठेव."

मी चंद्रहास यांच्याकडे बघितलं. ते कमरुद्दीनभाईंशी क्रिकेटवर बोलण्यात गुंतले होते, म्हणजे तसं दाखवत होते.

काचेच्या बांगड्या मी सोडल्या त्याला तीस वर्षं झाली असतील. रोल्लाच्या त्या एका खोलीत ते जमिनीवर ड्रॉइंगं पसरून बसायचे आणि मी भांडी घासायला लागले की म्हणायचे, "जरा हळू. मोजमाप चुकतंय." मग मी काढून ठेवल्या. पुढे शाळेत केजीला शिकवायला लागले, तिथेही नकोतच होत्या. घड्याळ घातलं, संपलं.

आज घरी येताना गाडीत विचारलं, "हे काय नवीन?"

"घाल. सायकलवर पण घाल."

"फुटतील."

"तर दुसऱ्या आणू."

स्टिअरिंगवर हात फिरवला की वाजत होत्या. मला नव्याने लग्न झाल्यासारखं वाटत होतं आणि या वयात असं वाटलेलं लिहायलाही लाज वाटते आहे. तरी लिहिते. सिस्टर म्हणायच्या, जे पाहिलं ते लिहा, जे शोभेल ते नव्हे.

२१ डिसेंबर, शनिवार. अल ऐन

झाखरचा तलाव. शुद्ध केलेलं सांडपाणी सोडता सोडता तळं होऊन बसलं, असं इथल्या रखवालदाराने सांगितलं. ज्याची कुणी योजना केली नाही अशी सुंदर गोष्ट. कडेने लव्हाळे उगवले आहेत आणि त्यात पाणकोंबड्या भांडत असतात.

उतारावर चंद्रहास एका सिमेंटच्या खुंटाला धडकले. खुंट उजवीकडे होता, चांगला गुडघ्याएवढा, पांढरा रंगवलेला. मी ओरडले नव्हते कारण मला वाटलं दिसतोच आहे. नडगी सोलली. मी रुमाल बांधत होते आणि ते हसत होते. "वाळूवरून घसरलो." वाळू नव्हती तिथे फारशी, पण असेल.

लेकीला, रुचाला, फोनवर सांगितलं. दुबईत जेएलटीच्या टॉवरमधल्या तिच्या ऑफिसातून कुजबुजत म्हणाली, "आई, बाबा ठीक आहेत ना? परवा माझ्याकडे लिफ्टच्या बाहेर उभे होते, मी बाजूला होते, हात केला, ही लुक्ड राइट थ्रू मी."

"विचारात असतील."

"ही इज नेव्हर विचारात, आई."

लेकरं लांब राहिली की काळजी करतात. पण या काळजीबद्दलही आभारच.

आता पुढच्या वेळी मी सगळं ओरडून सांगणार आहे. खुंट, खड्डा, वाळू, उंट. त्यांना ते आवडतंही.

४ जानेवारी, शनिवार

अल वथबा. आजचं सविस्तर लिहायचं आहे, कारण काहीतरी झालं आणि मला ते नीट कळलेलं नाही.

पाणथळीचं दार आठला उघडतं. तोवर जवळच्या सायकल ट्रॅकवर जाऊ, असं ठरवून साडेसहाला सुरुवात केली. हवा स्वच्छ होती. चार-पाच किलोमीटर गेलो असू आणि वाळूतून धुकं उठलं. इथलं हिवाळी धुकं मला माहीत आहे, पण ते गाडीच्या काचेतून. असं अंगावर कधी आलं नव्हतं. आधी टेकड्या गेल्या, मग दिव्यांचे खांब, मग माझ्या टोपलीच्या पुढचं चाक. मी ब्रेक दाबून उभी राहिले. दोन्ही बाजूंना पांढरं. मागून कुणी सुसाट सायकलवाला आला तर, असं वाटलं. "अहो!" मी जोरात हाक मारली. आवाजही दूर जाईना.

ते अगदी शांतपणे आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उतर. हँडल धर. कडेला रंगाचा पट्टा आहे, तो चाकाखाली जाडसर लागतो. लागला?"

"हो."

"तो सोडायचा नाही. येताना वारा डाव्या गालावर होता, आता परत फिरायचं, उजव्या गालावर ठेवायचा. मी पुढे चालतो. तू बांगड्या वाजवत ये, म्हणजे तू आहेस ते मला कळेल."

आणि ते चालायला लागले. अडखळले नाहीत, थांबले नाहीत. मध्येच म्हणायचे, "आता वळण. आता चढ." दीड तास आम्ही असे चाललो. मला काहीही दिसत नव्हतं आणि मी घाबरलेली नव्हते. मागे वळून बघितलं तर आयुष्यात मी त्यांच्या मागे पुष्कळ चालले आहे, पण असं कधीच नाही.

ट्रॅकच्या सुरुवातीला रखवालदाराने चहा दिला. "मॅडम, बैठो, सूरज आने दो." मी दोन्ही हातांनी कप धरून विचारलं,

"तुम्हाला जरासुद्धा भीती नाही वाटली?"

"मला सवय आहे," चंद्रहास म्हणाले.

मग चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "साइटची. धूळ असायची ना."

धुकं गेल्यावर पाणथळ बघितली. अग्निपंख होते, कोवळ्या उन्हात. मी फार वर्णन केलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

५ जानेवारी, रविवार

कुठली साइट? ते जन्मभर एसीमध्ये बसून ड्रॉइंगं मोजत आले. साइटवर कमरुद्दीनभाई असायचे.

७ जानेवारी, मंगळवार

सिस्टर एमिलियांचा नियम: आधी बघा, मग नाव द्या.

दुपारी ते सोफ्यावर बसून समोरच्या टीव्हीत बातम्या बघत होते. मी तिळाच्या लाडवांची ताटली त्यांच्या डाव्या कोपराशी ठेवली आणि गप्प बसले. तिळाचा लाडू हा माणूस वासावर शोधतो, पण मी ते डब्यातले गार काढले होते. पाच मिनिटं. मी ताटली बोटभर पुढे सरकवली. मग आणखी बोटभर. तिकडे क्रिकेटचा स्कोअर चालला होता. ताटली जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आली तेव्हा चेहरा उजळला. "अरे, लाडू! कधी ठेवलेस?"

"आत्ताच," म्हटलं.

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. मग फ्रिजमधल्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. कोरड्या डोळ्यांची नव्हती ती.

कमरुद्दीनभाईंना फोन केला. आधी दुकानातला गोंगाट मागे पडला. मग म्हणाले, "वैनी, माज्याकडनं कसम घेतली होती. जुलैपासून बुधवारी मीच नेतो डॉक्टरकडे. काचबिंदू. लई उशिरा कळला. बाजूचं सगळं गेलं, मधलं आहे. थेंबांनी राहील तेवढं राहील, इन्शाल्ला. गेलेलं येत नाही."

फोन ठेवल्यावर मी गेल्या दोन महिन्यांची पानं वाचली. माझंच अक्षर. लायसन्स. कप. लेडीज फर्स्ट. 'डावीकडे काय आहे?' केशरी कुडता.

केशरी कुडता! मला वाटलं होतं, मी आवडायला लागले. मी तर साइटवरचा केशरी कोन होते. आणि बांगड्या म्हणजे आंधळ्याच्या वाटेवरची घंटी.

आज उजवं पान कोरं.

११ जानेवारी, शनिवार. अजमान

अल जोरा. सायकली गाडीवरून उतरवल्याच नाहीत. खारफुटीच्या काठाला बाकावर बसलो. भरती येत होती, मुळांमधून पाणी वर चढत होतं.

मी म्हटलं, "मला कळलंय."

त्यांनी 'काय' असं विचारलं नाही. "कमरुद्दीन?"

"तिळाचे लाडू."

ते थोडे हसले. मग बोलायला लागले आणि सगळं बांधकामाच्या भाषेत सांगितलं, नाहीतर सांगता आलं नसतं त्यांना. "दोन्ही बाजूंनी शटरिंग लावल्यासारखं झालंय, सवि. दर महिन्याला फळ्या जरा आत येतात. मध्ये एक खिडकी आहे. तिच्यात तू पुढे असलीस की केशरी दिसतं. ते धरून चालवतो."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू सायकलवर बसू दिलं असतंस?"

"नसतं दिलं!"

"मग."

मी भांडले. आडपडदा न ठेवता भांडले, शेजारी एक फिलिपिनो कुटुंब डबे उघडून बसलं होतं तरी. कुणी उडवलं असतं तुम्हाला, मी काय केलं असतं? खुंटाच्या जागी खड्डा असता तर? चौतीस वर्षांनी ऐकून घ्यायला लागलात आणि तेही खोटं?

"खोटं नाही," ते म्हणाले. पाण्याकडे बघत होते, म्हणजे पाण्याच्या एका तुकड्याकडे. "डॉक्टर म्हणाला, किती दिवस ते सांगता येत नाही. मी विचार केला, पुढे तू सांगशील आणि मी ऐकेन. पण ऐकलेलं कुठे ठेवू? आत काही चित्रं हवीत ना. मी जन्मभर नुसती ड्रॉइंगं बघितली. म्हणून सात पाणथळी ठरवल्या. तू पेरूचा गुलाबी म्हणालीस तो मी बघून ठेवलाय. आता तू कधीही 'पेरू' म्हटलंस की मला दिसेल."

डबेवाल्या बाईने उठून आम्हाला केकचे दोन तुकडे दिले. आमचं काय चाललंय ते तिला कळलं असावं, किंवा नसावं. आम्ही केक खाल्ला.

बांगड्यांचं विचारलं नाही. ते तर उघडच होतं.

१८ जानेवारी, शनिवार

रुचा आली, सगळं ऐकून रडली, मग चिडली. "आई, आर यू मॅड? कलबा कॅन्सल. ही कॅनॉट सायकल!"

"अगं, मी इथेच बसलोय," चंद्रहास म्हणाले. "कान ठीक आहेत."

"बाबा, प्लीज."

ती दोघं माझ्याकडे बघायला लागली. या घरात निर्णयासाठी माझ्याकडे बघायची पद्धत नाही, त्यामुळे मला जरा वेळ लागला. सहा नावांवर काट मारलेली होती आणि सातवं फ्रिजवर तसंच होतं. तिचं म्हणणं खरं आहे, हे मला कळत होतं. दोन वेगळ्या सायकलींवर मी त्यांना पुन्हा बसू देणार नाही, एवढं माझंही ठरलं होतं. पण सातवं चित्र राहिलं तर ती जागा कोरी राहणार आणि तिच्यासाठी माझ्याकडे शब्द नसतील.

कमरुद्दीनभाईंना फोन लावला. "भाई, दोघांची एक सायकल असते ना, पुढे-मागे बसायची, ती कुठे मिळेल?"

"यल्ला, मिळाली समजा."

रुचा म्हणाली, "यू बोथ आर इम्पॉसिबल." पण जाताना मला घट्ट मिठी मारून गेली.

चंद्रहास यांचा प्रश्न वेगळाच. "म्हणजे मी मागे बसायचं?"

"गाडीत बसता तसंच. फक्त ब्रेक दाबता येणार नाही."

"पूर्वी तरी कुठे लागत होता."

२ फेब्रुवारी, रविवार

तीन रविवार गल्लीत सराव. दोघांची सायकल म्हणजे दुसरा संसार आहे. पाय एकदम टाकावे लागतात, एकाने थांबायचं ठरवलं की दुसऱ्याला सांगावं लागतं. पहिल्या दिवशी पुन्हा शेजाऱ्यांच्या मेंदीत गेलो, या वेळी दोघं. आज न पडता दोन फेऱ्या. शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. कुंपण वाचलं म्हणून असतील.

८ फेब्रुवारी, शनिवार. खोर कलबा, आणि मग घर

सातवं झालं.

कमरुद्दीनभाई व्हॅनमध्ये सायकल घालून सोबत आले, साजिदा पुढे डबा मांडीवर घेऊन. डोंगर ओलांडून पलीकडे उतरलो तेव्हा समुद्राचा वास आला. काठाकाठाने सायकलींची वाट आहे. मी पुढे, ते मागे. केशरी कुडता घातला नाही, आता कशाला. जुना निळा घातला, सैल, सुखाचा. बांगड्याही घरी ठेवल्या. हँडलवर घासून चार फुटल्या होत्या. आता मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर असणार, घंटी कशाला हवी?

खारफुटी इथे अंगभर वाढलेली आहे. मी सांगत गेले. "डावीकडे पाणी चहाच्या रंगाचं, कमी दुधाच्या. चिखलात खेकडे आहेत, एकच पंजा मोठा, तो हलवून सगळ्यांना बोलावताहेत. समोर खंड्या." इथे मी सायकल थांबवली आणि हँडल वळवून बरोबर त्यांच्या खिडकीत आणला. "दिसला?"

बराच वेळ गेला. "दिसला," म्हणाले. "निळा."

"कसला निळा?"

"ते तू सांग."

"शाळेतल्या शाईचा. दौत सांडल्यावर होतो तो."

"ठीक. ठेवला."

परत निघालो. थोडं गेल्यावर मागून आवाज आला, "सवि, बांगड्या कुठायत?"

"घरी. आता काय करायच्यात? आता तुम्ही मागेच आहात."

"म्हणजे?"

"म्हणजे वाट कळायला होत्या ना त्या. कुडत्यासारख्या."

पायडल थांबले. त्यांचे थांबले म्हणून माझेही थांबले, या सायकलचं तसंच आहे. आम्ही नुसतेच घरंगळत राहिलो.

"वाटेसाठी तुझी सायकल पुरत होती," चंद्रहास म्हणाले. "तिची चेन दोन किलोमीटरवरून ऐकू येते. कुडता मी कामासाठी मागितला, ते खरं. धुक्यात वाजव म्हटलं, तेही खरं."

"मग बांगड्या कशाला मागवल्या होत्या?"

"रोल्लाला मी तुला काढायला लावल्या होत्या."

त्यांना आठवत होतं. तीस वर्षांत कधी बोलले नाहीत आणि आठवत होतं. मी वळून बघू शकत नव्हते, पुढे रस्ता होता आणि डोळ्यांना पाणी आलं होतं. मी म्हटलं, "खुंट," आणि खरोखरच खुंट होता. आम्ही तो नीट चुकवला.

येताना कमरुद्दीनभाईंच्या व्हॅनमागून मीही गाडी रोल्लाला वळवली. साजिदा मला हाताला धरून बांगडीवाल्याकडे घेऊन गेली. कोण पैसे देणार यावर आम्ही दोघी नेहमीसारख्या भांडलो. ती जिंकली.

आता घरी आहे, ऊन अजून खिडकीत आहे. फ्रिजवरचा कागद काढून वहीत ठेवण्याआधी खाली माझ्या गोल कॉन्व्हेंटी अक्षरात आठवं नाव घातलं: नांदूरमध्यमेश्वर. नाशिकपासून गाडीने फार लांब नाही आणि तिथेही अग्निपंख येतात. तिथे मी 'पेरू' म्हणेन.

उजव्या पानावर आज खूप लिहायचं आहे. पण दोन ओळी झाल्या नाहीत तोच बाहेरच्या खोलीतून, टीव्ही बारीक करून, चंद्रहास यांनी विचारलं, "काय लिहितेस एवढं?"

"तुम्हाला कसं कळलं लिहितेय ते?"

"वाजतंय की."

"मग, जरा हळू लिहू?"

"नको," ते म्हणाले. "लिही."